त्रेसष्ट सह्या

सावरढोणच्या भीमनगरात कुठलाही कागद आधी धुरपतामायच्या मांडीवर यायचा. रेशनचा असो, घरकुलाचा असो, नाहीतर शाळेतून आलेली चिठ्ठी असो. माय चष्मा चढवायची, कागद सपाट करायची, उजव्या हाताचं बोट पहिल्या ओळीवर ठेवून सावकाश पुढं सरकवायची. मधेच एखाद्या जागी बोट थांबायचं, दोनदा टेकायचं, माय मान हलवायची. शेवटी "बरोबर हाय" म्हणून खाली सही ठोकायची. मायची सही पडली की तिच्यामागं अख्ख्या वस्तीच्या सह्या आणि अंगठे पडायचे. त्यानंतर कुणी काही विचारत नसे.

आणि या धुरपतामायला वाचता येत नव्हतं.

हसू येत असेल तर येऊ द्या, पण तिला हसण्याआधी सरकारला हसून घ्या. साक्षरता अभियानाचा जोर होता त्या साली वरच्या गावातल्या गुरुजींना भीमनगरातून वीस बायका साक्षर करून दाखवायच्या होत्या. गुरुजी हुशार. बाराखडीच्या नादी न लागता त्यांनी एकेकीला फक्त तिचं नाव गिरवायला लावलं. सहा महिने गिरवून धुरपताबाईच्या हाताला 'धुरपताबाई लिंबाजी' एवढं बसलं. मग पाहुणे आले, फोटो निघाले, 'नवसाक्षर' असं छापलेलं प्रमाणपत्र मिळालं, आणि गुरुजी पुन्हा काही त्या वाटेला फिरकले नाहीत. प्रमाणपत्राला लिंबाजीनं काच बसवून घेतली. ते अजून भिंतीवर आहे.

लिंबाजी तिचा नवरा. चौथी शिकलेला, पण वाचायचा असा की ऐकणारा जागचा हलू नये. दर वर्षी आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, संध्याकाळी विहारात तो धम्मग्रंथ वाचायचा आणि वस्ती बसून ऐकायची. तीस वर्षं वाचत आला. धुरपताबाई तीस वर्षं पुढच्या ओळीत बसून ऐकत आली. पंधरा वर्षांपूर्वी तो गेला, आणि पुढच्या आषाढीला आसन रिकामं पडलं. शिकलेली पोरं कुणी पुण्याला, कुणी वीटभट्टीवर. कुणीतरी म्हणालं, मायला येतंय की, सही करते ती. नाही म्हणायला तोंड उघडण्याआधी ग्रंथ तिच्या पुढ्यात आला होता. तिनं तो उघडला, बोट ओळीवर ठेवलं, आणि लिंबाजीचा आवाज आठवत आठवत बोलायला लागली. तीस वर्षं कानात पडलेलं सगळं जसंच्या तसं बाहेर आलं. वाचन संपलं तेव्हा म्हाताऱ्या बायांचे डोळे भरले होते. त्या दिवशी खरं सांगायचं राहून गेलं, आणि मग ते रोजच राहत गेलं.

बाकीच्या कागदांचं म्हणाल तर त्यात फार काही नसतं. कागद घेऊन येणारा माणूस कागदात काय आहे ते बोलता बोलता स्वतःच सांगून टाकतो. हे धुरपतामायला केव्हाच कळलं होतं.

एकटीलाच तिचं गुपित ठाऊक होतं, ती सून रूपाली. बारावी शिकलेली, शिवणकाम करणारी, कमी बोलणारी पोरगी. लग्न होऊन आली त्याच वर्षी वर्षावासात सासूच्या मागं बसली असताना तिला दिसलं, की सासूच्या तोंडात एक पान आहे आणि बोटाखाली भलतंच. घरी आल्यावर चुलीशी वाकून ती हळूच म्हणाली होती, "आत्या, मी शिकवते तुमाला. कुणाला कळायचं न्हाई."

पोरीनं चांगल्या मनानं म्हटलं होतं. पण धुरपताबाईला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. तेव्हापासून ती सुनेशी सरळ बोलली नाही. बोलायचं ते भांड्यांशी, कोंबड्यांशी, नाहीतर दाराच्या चौकटीशी. मुलगा प्रेम लातूरला डाळमिलमध्ये कामाला होता, रूपाली महिन्यातून आठ-दहा दिवस तिकडं खोलीवर राहायला जायची. पण वर्षावास लागला की पोरगी न चुकता हजर. स्वतःचा ग्रंथ मांडीवर उघडून मागच्या भिंतीशी बसायची. चार वर्षं हेच. धुरपताबाईच्या पाठीला ती नजर टोचायची. ही माझी चूक धरायला बसते, एक दिवस चारचौघांत उघडं पाडणार, असं ती मनाशी धरून बसली होती. सासू-सुनेचं पटत नाही ही गोष्ट साऱ्या गावाला माहीत होती, पण कशावरून पटत नाही ते कुणालाच माहीत नव्हतं.

अशात यंदा सरपंचपदाची सोडत निघाली आणि पद अनुसूचित जातीच्या महिलेला सुटलं. पंधरा वर्षं ग्रामपंचायत शेषेरावांच्या घरात होती, कधी ते स्वतः, कधी त्यांची बायको लक्ष्मीबाई. आता त्यांनी आपल्या सालगड्याच्या बायकोला, भामाबाईला, उभं करायचं ठरवलं. ती निवडून आली की शिक्का कुणाच्या कपाटात राहणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. भीमनगरानं मात्र बैठक घेऊन रूपालीचं नाव पुढं केलं. वस्तीची मतं एकगठ्ठा पडली आणि वरच्या गावातली थोडी आली तर पोरगी निवडून येत होती. धुरपताबाई बैठकीत काही बोलली नाही. पण घरी आल्यावर कोंबड्यांना म्हणाली, की उभी राहायची तर नीट उभी राहा म्हणावं.

पौष पौर्णिमेची वंदना संपली त्या दिवशी शेषेरावांचा मुलगा सत्यम विहारात आला. गावात सेवा केंद्र तोच चालवायचा, ऑनलाइन अर्ज भरायचे ते सगळे त्याच्याकडंच. चपला बाहेर काढल्या, मूर्तीपुढं वाकला, आणि कागदांचा जाडजूड गठ्ठा धुरपतामायपुढं ठेवला. स्मशानभूमीच्या शेडची योजना आली आहे म्हणाला, माणशी एक अर्ज लागतो, पण अर्जदार एकच चालतो, आणि वस्तीत तुमच्याइतकं जाणतं कोण आहे.

स्मशानभूमीचं नाव काढलं आणि धुरपताबाईचं भान सुटलं. लिंबाजी भादव्यात गेला होता. ओढ्याकाठी उघड्यावर सरण रचलं आणि पाऊस आला. दोनदा विझलं. तिसऱ्यांदा टायर टाकून पेटवावं लागलं, आणि ते तिनं दुरून पाहिलं होतं. शेड झालं तर दुसऱ्या कुणाच्या माणसाचे असे हाल होणार नाहीत, एवढंच तिच्या डोक्यात भरलं. वीस-पंचवीस माणसं बघत होती. तिनं चष्मा लावला, पहिल्या कागदावरून बोट फिरवलं, मधे दोनदा टेकवलं, म्हणाली, "बरोबर हाय." आणि सह्या करत सुटली. त्रेसष्ट झाल्या. हात दुखला तेव्हा थांबून बोटं मोडली आणि पुन्हा केल्या.

पंधरा दिवसांनी ती बाजाराला जाताना चावडीवरून गेली. फळ्यावर छापील याद्या लावल्या होत्या. जगात तिला ओळखू येणारा एकच शब्द होता, आणि तो यादीत ओळीओळीला छापलेला होता. धुरपताबाई लिंबाजी, धुरपताबाई लिंबाजी, वरपासून खालपर्यंत. तिचा ऊर भरून आला. बाजार न करताच ती माघारी फिरली आणि वस्तीत सांगून मोकळी झाली, की शेड मंजूर झालं, माझ्या नावानं यादी लागली, मी सवता वाचून आले. कुणीतरी गूळ वाटला. मिरचीचा हंगाम लागला होता. दोन दिवसांत निम्मी वस्ती घरांना कुलपं घालून उमरीहून गाडीनं धर्माबादला मिरचीची डेखं, म्हणजे देठं, खुडायला गेली, काही जण पार तेलंगणात भट्ट्यांवर गेले. सगळे निर्धास्त मनानं गेले. ती कुलपं मग पडताळणीला आलेल्या माणसानं भर दुपारी मोजली आणि त्या घरांतल्या प्रत्येक नावापुढं लिहिलं, घर बंद, राहत नाही.

रूपाली तेव्हा लातूरला होती. परत आली, उमेदवारीची कागदपत्रं बघायला चावडीवर गेली, आणि फळ्यापुढं उभी राहिली. ती यादी शेडची नव्हती. मतदार यादीतून नावं काढून टाकावीत म्हणून केलेल्या आक्षेपांची ती यादी होती. नावं त्रेसष्ट, सगळी भीमनगरातली. कारण, गाव सोडून कायमचे गेले. आक्षेप घेणारी, धुरपताबाई लिंबाजी सोनकांबळे. सतराव्या ओळीत, रूपाली प्रेम सोनकांबळे, लातूरला कायमची स्थलांतरित. मतदार यादीत नाव नाही तर उमेदवारी नाही. सुनावणी परवा, तालुक्याला. आणि दुसऱ्या दिवशी यादी बंद, मग निवडणूक होईपर्यंत त्यात टिंबसुद्धा बदलणार नव्हतं.

वस्ती विहारापुढं जमली. धुरपताबाईला मधे बसवलं. ती आधी म्हणाली की सही माझी नव्हंच. मग अश्वजितनं मोबाइलवर अर्जाचा फोटो दाखवला. अश्वजित वस्तीतला शिकलेला, तिशीचा गडी, धर्माबादच्या आडतीवर हिशेब लिहायचा. लहानपणापासून तिच्या वाचनाला पहिल्या ओळीत बसलेला. फोटोतली सही तिचीच होती, आणि पौर्णिमेला ती वाचून, मान हलवून करताना पंचवीस माणसांनी पाहिली होती. सुनेला पाडायला हिनं सगळ्या वस्तीचा गळा कापला, असं एक बाई तोंडावर म्हणाली. शेषेरावानं काय दिलं, असं दुसरीनं विचारलं. अश्वजित नुसता तिच्याकडं बघत राहिला, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

लातूरहून प्रेमचा फोन आला. "आई, एकच सांग. वाचून सही केलीस का न्हाई?"

"हाव," ती म्हणाली. पोटच्या पोरालाही तिनं हेच सांगितलं. लाज माणसाला किती खाली नेते त्याला सुमार नाही.

रूपाली दाराशी उभी होती. एका वाक्यात ती सासूला सोडवू शकली असती आणि स्वतःची उमेदवारीही वाचवू शकली असती. वस्ती तिच्या तोंडाकडं बघत होती. ती म्हणाली, की तालुक्याला जाऊन बघू, आणि भाकरी टाकायला आत गेली. ही बोलत का नाही, हे धुरपताबाईला कळेना. बोलली असती तर बरं झालं असतं, तिच्यावर चिडता तरी आलं असतं.

सुनावणीला टेम्पो केला. धर्माबादला निरोप पोचला ते अठरा जण आले, रूपाली धरून एकोणीस. बाकीच्यांचे फोन लागेनात, लागले ते मालक सोडत नाही म्हणाले. भट्टीवरच्यांचा तर पत्ताच नव्हता. नायब तहसीलदार एक मॅडम होत्या, चाळिशीच्या, समोर फायलींची रास, आवाज बसलेला. त्यांनी नियम सरळ सांगितला. ज्यांची नावं आहेत त्यांनी संध्याकाळी पाचपर्यंत पुरावा घेऊन स्वतः हजर व्हायचं, जे येणार नाहीत त्यांची नावं जातील. दुसरी वाट एकच. एकाच बाईनं त्रेसष्ट अर्ज दिलेत, पाचाच्या वर गेले की अर्जदाराला समोर बसवून विचारावं लागतं. हे अर्ज आपण समजून उमजून दिलेले नाहीत असं तिनं सिद्ध केलं, तर सगळे रद्द.

अकरा वाजले होते. एकोणीस जणांची नावं रूपालीसकट कशीबशी राहिली असती. चव्वेचाळीस जात होती, आणि तेवढ्या मतांशिवाय रूपालीनं उभं राहायचं ते पडायलाच.

सत्यमही आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, बोलणं अगदी अदबीचं. मायनं सांगितलं म्हणून आपण नुसते अर्ज छापून दिले असं त्याचं म्हणणं. मॅडमनी धुरपताबाईला विचारलं, सही तुमची का. ती हो म्हणाली. काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत होतं का. ती म्हणाली, शेडचं म्हणून सांगितलं होतं.

"पण आजी वाचतात की, मॅडम," सत्यम हळू आवाजात म्हणाला. "पंधरा वर्षं झाली, विहारात ग्रंथ वाचतात. विचारा त्यांच्याच लोकांना."

मॅडमनी मागं बघितलं. अश्वजित पुढंच उभा होता. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि या एका गोष्टीचा तर त्याला जन्मभर अभिमान होता. "वाचतात," तो म्हणाला. म्हणता म्हणताच आपण काय करून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं, पण शब्द सुटला होता. सत्यमनं मोबाइल पुढं केला. त्यात भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा फोटो होता. कधी काढला होता कोण जाणे. ही बाई साक्षर आहे असं सरकारनंच लिहून दिलंय, तो म्हणाला.

धुरपताबाईनं मागं पाहिलं. एकोणीस तोंडं. त्यांतल्या बायांची बोटं मिरचीनं लाल झालेली, डोळे सुजलेले, एका दिवसाची रोजी बुडवून आलेल्या. भिंतीशी रूपाली उभी होती, खाली मान घालून. आताही ती बोलत नव्हती. आता तिची सरपंचकी, वस्तीची मतं, सगळं हातचं चाललं होतं आणि तरी ही पोरगी ओठ मिटून उभी होती. तिनं चार वर्षं ते झाकलं होतं, आजही झाकतच होती. धुरपताबाईला ते एकदम कळलं.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली.

मग तिनं पुन्हा सांगितलं. "एक अक्षर येत न्हाई. सही तेवढी येते. ग्रंथ मला तोंडपाठ हाय, माझ्या मालकाचं ऐकून. मी पानं नुसती उलटते. ह्या लोकांला मी पंधरा वर्षं फसवलं."

अश्वजितचा चेहरा तिनं मुद्दाम पाहिला नाही.

तिला वाटलं होतं, आता संपलं. जन्माची अब्रू टेबलावर ठेवली, यापुढं कुणी काय मागणार. पण तसं व्हायचं नव्हतं. सत्यम हसला, अगदी थोडंसं. तो म्हणाला, की आता अंगाशी आलं म्हणून आजी असं म्हणणारच, खोट्या अर्जाला शिक्षा आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. वाचता येतं हे माणूस वाचून दाखवतो, वाचता येत नाही हे कसं दाखवणार? आणि ती खोटं बोलते आहे असं मागच्या एकोणीसांतल्या तिघा-चौघांनाही वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पंधरा वर्षं ऐकलेलं कुणाला एका मिनिटात सोडवतं?

खरं बोलायला उशीर केला की खऱ्यालाही पुरावा मागतात. धुरपताबाईनं मॅडमपुढं हात जोडले, काय करू सांगा म्हणाली, कुणाची शपथ घेऊ. तेवढ्यात रूपाली पुढं आली आणि म्हणाली की मला ठाऊक आहे, चार वर्षांपासून. मॅडम म्हणाल्या, तुम्ही उमेदवार, त्यात सून, तुमचं म्हणणं मला धरता यायचं नाही.

मग मॅडमनी कोरा कागद ओढून त्यावर चार ओळी लिहिल्या आणि कागद धुरपताबाईपुढं सरकवला. "बघा, आणि सही करा," एवढंच म्हणाल्या. मागच्या लोकांना हातानंच गप्प राहायची खूण केली.

धुरपताबाईला हायसं वाटलं. बाई चांगली आहे, आपलं म्हणणं लिहून घेतलं तिनं. तिनं चष्मा चढवला. कागद सपाट केला. बोट पहिल्या ओळीवर ठेवून सावकाश पुढं नेलं, मधे एका जागी दोनदा टेकवलं. इतक्या वर्षांची सवय, ती काय अशी जाते? "बरोबर हाय," ती म्हणाली आणि सही केली.

मॅडमनी कागद उचलून सत्यमच्या हातात दिला. मोठ्यानं वाचा म्हणाल्या. तो वाचायला लागला आणि दुसऱ्या शब्दाला अडखळला. मॅडम म्हणाल्या, पुढं वाचा.

"मी धुरपताबाई लिंबाजी," तो वाचत होता, "माझी सून रूपाली आणि भीमनगरातली उरलेली सगळी माणसं, यांची नावं मतदार यादीतून कायमची काढून टाकावीत, आणि मला आजच्या आज अटक करावी, अशी विनंती करते."

धुरपताबाईनं आपल्या सहीकडं पाहिलं. शाई वाळली नव्हती. आताच कबूल केलं, आताच हात जोडले, आणि आताच पुन्हा तेच केलं, सगळ्या वस्तीच्या डोळ्यांदेखत. विहारातल्या कागदांवर सही करताना ती अशीच दिसली असणार, इतकीच शहाणी, इतकीच खात्रीची. जमिनीनं पोटात घ्यावं असं तिला झालं, पण शासकीय फरशी, ती कुठली घेते.

मॅडमनी कागद फाडला नाही, फाइलला लावला. लेखनिकाला बोलावून त्यांनी निकाल सांगितला, की अर्जदार बाईस वाचता येत नसल्याची खात्री झाली, त्रेसष्टही आक्षेप रद्द, नावं जशीच्या तशी राहतील. सत्यमला बसून राहायला सांगितलं, तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे म्हणाल्या. आणि धुरपताबाईला म्हणाल्या, की खोट्या अर्जाचा अहवाल वर पाठवावा लागेल, त्यात तुमचंही नाव असेल, तो माझ्या हातात नाही. धुरपताबाईनं मान हलवली. मग खरं निवेदन लिहून झालं, तेव्हा तिनं पेन हातात घेतलं नाही. "आधी सून वाचंल," ती म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं सुनेचं नाव घेतलं. "रूपाली, वाच. सगळं वाच." रूपालीनं वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्यानं. मग सही झाली.

बाहेर टेम्पो उभा होता. येताना, एवढ्या रागातही, मायला ड्रायव्हरशेजारची जागा दिली होती. आता ती कुणी देऊ केली नाही. ती मागं चढली आणि फळीला टेकून बसली. नावं राहिली होती, पण कुणाच्या तोंडावर आनंद नव्हता. बाया तिच्याकडं बघत होत्या आणि नजर वळवत होत्या. टेम्पो नायगावच्या रस्त्याला लागला. तेव्हा अश्वजितनं विचारलं. त्याचा आवाज भांडायचा नव्हता, तेच वाईट होतं.

"मंग पंधरा वरसं आमी ऐकलं ते काय व्हतं, माय?"

"माझ्या मालकानं वाचलेलं व्हतं, बाबा," ती म्हणाली. "जसंच्या तसं. इकडचा शब्द तिकडं न्हाई."

"कशावरून?"

खरंच, कशावरून? तीस वर्षांतलं काय राहिलं आणि काय तिच्याच मनातलं मिसळलं, तिला तरी कुठं कळणार होतं? विहारातलं तिचं आसन, वस्तीची वंदना, नवऱ्याचा आवाज, सगळंच आता खोटं ठरत होतं, आणि ती हातात पदराचं टोक धरून नुसती बसून राहिली.

"मी सांगते," रूपाली म्हणाली. ती समोरच्या फळीवर बसली होती, दांडीला धरून. "मी चार वरसं मागं बसून मिळवून पाहत व्हते. माझ्या मांडीवर ग्रंथ उघडा असायचा. ह्यांचा शब्द सुटला तर हळूच सांगावं म्हणून. चार वरसांत दोन ठिकाणी चुकल्या. एवढं तर वाचणारा बी चुकतो."

धुरपताबाईनं मान वर करून सुनेकडं पाहिलं. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण टेम्पोत ना भांडी होती ना कोंबड्या, आणि सरळ कसं बोलायचं ते ती विसरली होती. शेवटी तिनं विचारलं, की दोन ठिकाणी म्हणजे कुठं कुठं.

रूपाली सांगायला लागली.